दहा वेढ्यांची मात्रा

श्रावण लागला की अबोलीला भाव येतो आणि सकवारबाईच्या बोटांना चिरा पडतात. दरसालचं आहे हे. वरमहालक्ष्मीच्या शुक्रवारी बेंगळुरातल्या झाडून साऱ्या बायकांना वेणीत अबोली पाहिजे असते, आणि अबोली म्हणजे काही झेंडू नव्हे, मूठ घातली आणि ओढलं. तुऱ्यावरनं एकेक फूल चिमटीनं उपसायचं, देठ मोडू द्यायचा नाही, शेजारची कळी दुखवायची नाही, आणि ऊन चढायच्या आत बाग आटपायची. तासभर वाकून खुडलं तरी ओटीत ओंजळभरच दिसतं. वजनाला तर वाराच.

येलहंक्याच्या पलीकडे त्यांचा तीस गुंठ्यांचा तुकडा होता. एका अंगाला नव्या घरांच्या लेआऊटची पांढरी भिंत, दुसऱ्या अंगाला निलगिरीची झाडं, आणि वर सकाळपासून हवाई दलाच्या विमानांची घरघर. घराणं मराठ्यांचं. पूर्वज कधीकाळी फौजेबरोबर आले, फौज पुढं गेली, हे मागं राहिले, एवढंच घरात सांगत. भाषा तेवढी चुलीपाशी टिकली होती, तीही कन्नडाच्या शेजारानं बरीच बदललेली. बाजारात ज्याला कनकांबर म्हणत त्याला घरात अबोली म्हणत, आणि दोन्ही शब्द एकाच तोंडात सुखानं नांदत.

पूर्वी खुडायला चार बायका येत. आता त्या समोरच्या अपार्टमेंटांत झाडू मारायला जात. डोक्यावर छप्पर, पायाला चिखल नाही, त्यांना तरी कोण नावं ठेवणार? यंदा साऱ्या बागेला माणसं दोनच, सकवारबाई आणि तिचा नवरा विश्वासराव. त्यात विश्वासरावांचे गुडघे असे, की एकदा उकिडवे बसले की उठवायला दोन हाका आणि एक हात लागे. त्यामुळं खुडणं तिच्याकडं आणि फवारणी, पाणी, बाजार त्यांच्याकडं अशी वाटणी आपोआपच झाली होती.

शुक्रवार सहा दिवसांवर आला असताना, शनिवारी दुपारी, त्यांची लेक हर्षिता दारात उभी राहिली. खांद्याला एक बॅग, डोळे लाल, गळ्याभोवती ओढणी गुंडाळलेली. ती कोरमंगलात एका कंपनीत कामाला होती आणि तिथंच पीजीत एका खोलीत तिघींबरोबर राहायची. येलहंका आणि कोरमंगला, म्हणायला गाव एकच. पण दोन बस बदलून अडीच तास लागत, आणि संक्रांतीला गेलेली पोरगी त्यानंतर घरी फिरकली नव्हती. भांडण म्हणाल तर काहीच नव्हतं. सकवारबाईला तेच सलायचं. भांडण झालं असतं तर मिटवता आलं असतं. कामच असतं म्हणणाऱ्या पोरीशी काय मिटवणार?

तर आता ती आली होती, आणि तापानं फणफणलेली आली होती. सकवारबाईनं कपाळाला हात लावला, तेव्हा ती धास्तावली आणि त्याच घटकेला आत कुठंतरी दिवाळी झाली. दोन्ही एकदम झालं. त्याची तिला लाजही वाटली, पण लाज वाटून कुठं काय कमी होतं?

संध्याकाळी येलहंक्यातल्या दवाखान्यात नेलं. बाई डॉक्टर होत्या, कन्नड बोलणाऱ्या. त्यांनी बॅटरी लावून घसा पाहिला. दोन्ही बाजूंच्या गाठी टरटरून सुजलेल्या, वर पांढरे ठिपके. आधी कुठल्या औषधानं अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का, असं त्यांनी दोनदा विचारलं. नाही म्हटल्यावर कागद लिहिला. तापासाठी पातळ औषध, आणि घशासाठी गोळ्या. कन्नडात गोळीला मात्रे म्हणतात. डॉक्टरीणबाई बोटं उघडून म्हणाल्या, दिवसाला दोन मात्रे, सकाळी एक, संध्याकाळी एक, जेवणानंतर, सात दिवस. बरं वाटलं तरी मध्ये सोडायच्या नाहीत.

हर्षितानं घशाकडं बोट दाखवून मान हलवली. थुंकी गिळताना डोळ्यांत पाणी येत होतं, गोळी कुठली जायला?

"काळजी करू नकोस," सकवारबाई मराठीत म्हणाली. "मी उगाळून देते."

"सरीना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्यांना मराठी कळत नव्हतं.

"सरी," सकवारबाई म्हणाली. ठीक म्हणायच्या या एका शब्दावर बेंगळुरात माणूस जन्म काढतो. कळलं तरी सरी, नाही कळलं तरी सरी.

आता तिच्या घरात मात्रा म्हणजे काय, हे सांगायला पाहिजे. कन्नडातली मात्रे आणि मराठीतली मात्रा या घरात कधीच एक होऊन गेल्या होत्या. मात्रा म्हटली की ती सहाणेवर उगाळायची. थेंबभर पाणी घालायचं, मात्रा गोल फिरवायची, एक फेरा म्हणजे एक वेढा. तान्ह्या मुलाला एक वेढा, रांगत्याला दोन, दात आल्यावर तीन, आणि कितीही मोठं माणूस असो, दहाच्या वर वेढे द्यायचे नाहीत. मग मधात कालवून चाटवायचं. सकवारबाईच्या सासूनं तिला हे हातात हात धरून शिकवलं होतं. हर्षिता लहानपणी गोळी गिळताना उलटी करायची, म्हणून दवाखान्याची गोळीही याच वाटेनं तिच्या पोटात गेलेली. वेखंड असो नाहीतर दवाखान्यातली गोळी असो, सहाणेला सगळं सारखंच.

त्या संध्याकाळी तिनं पहिली गोळी पाकिटातून काढली आणि मोजून दहा वेढे घेतले. गोळी भिजून जरा फुगली, वरचं पांढरं साल सुटलं, चतकोर भाग सहाणेवर उतरला. उरलेली तिनं कागदात गुंडाळून ठेवली. तेवढ्यात वास आला. कडू, उग्र. औषध जालीम दिसतंय, असं तिला वाटलं, आणि दहा वेढे म्हणजे चांगला सणसणीत डोस झाला असंही वाटलं.

हर्षितानं उशीवरनं मान उचलून चमचा चाटला. तोंड वाकडं केलं.

"मध घाल अजून."

"घालते, माझे आई."

सात महिन्यांत पोरीनं तिच्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

रविवार, सोमवार, मंगळवार असेच गेले, दोन वेळा मात्रा आणि तापाचं पातळ औषध. सकवारबाई पहाटे बागेत शिरायची. पावसाची भुरभुर असायची, तुरे ओले, लुगड्याचा ओचा गुडघ्यापर्यंत भिजून जड व्हायचा. एरवी ती पाठ न उचलता ओळ संपवायची. आता चार ओळी झाल्या की उठायची, ओटीतली फुलं सांभाळत घराकडं पळायची, पोरीचं कपाळ बघायची आणि परत यायची. विश्वासराव मोटरीच्या खोलीपाशी पंपात औषध कालवत बसलेले असायचे. अबोलीला मूळकूज लागायला लागली होती. ते बाटलीच्या टोपणात औषध ओतायचे, टोपण डोळ्यापुढं धरायचे, कमी वाटलं तर थेंब घालायचे, जास्त वाटलं तर परत बाटलीत. बायको पळताना दिसली की म्हणायचे, फुलं खुडतीस की हाजिरी देतीस? पण ते स्वतःही पाण्याच्या पाळीमधून दोनदा घरात डोकावून गेलेले असायचे.

दुपारी फुलं गुंफायची. केळीच्या सोपटाचा दोरा ओला करून ठेवायचा, दोन फुलं इकडं, दोन तिकडं, गाठ. हर्षिता खाटेवर पडून बघायची. मध्येच उठून जवळ बसायची, आईच्या मांडीवर डोकं टाकायची. तापलेलं डोकं लुगड्यातून मांडीला लागायचं. सकवारबाई मग हात न हलवता बसून राहायची, आणि फुलं परातीत सुकत पडायची. लग्न झालेल्या पोरी माहेरी येतात, त्यांचा हक्क असतो, दिवस ठरलेले असतात. न लग्न झालेली पोर जेव्हा लांब राहते, तेव्हा तिनं कधी यायचं याला शास्त्रच नाही. ते कुणीतरी घालून ठेवायला पाहिजे होतं, असं तिला वाटून गेलं.

सोमवारी पोरीच्या कंपनीतनं फोन आला. हर्षिता घोगऱ्या आवाजात इंग्रजीत बोलली. सकवारबाईला त्यातला एकच शब्द कळला, थर्सडे. गुरुवार. तिनं बोटांवर मोजलं. तीन दिवस.

मंगळवारी सकाळी ताप नव्हता. हर्षितानं पेज प्यायली, वर अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. घसा अजून खुपतोय म्हणाली, पण आवाज सुटला होता. सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचा, असं विश्वासराव खुशीत म्हणाले. दुपारी तिचं पोट एकदा ढळलं. सकवारबाईनं लगेच ओळखलं, हे उष्णाचं. जालीम मात्रा, वरनं तीन दिवस, उष्ण पडणारच. संध्याकाळचे दहा वेढे तिनं दिले, पण मनात ठरवलं की आता बास.

बुधवारी सकाळी चमचा आला नाही, तेव्हा हर्षितानंच विचारलं, "आज मात्रा नाही?"

"उष्ण पडली तुला. गुण आलाय ना? मग कशाला अजून."

हर्षितानं फळीवरच्या पाकिटाकडं नजर टाकली. मग म्हणाली, "सरी."

खरं सांगायचं तर उष्णाचं कारण अर्धंच होतं. दुसरं अर्धं सकवारबाईनं स्वतःपाशीसुद्धा नीट उच्चारलं नव्हतं. बागेत खुडताना ते आपोआप वर यायचं. गुरुवारी पोरगी जाणार. अजून दोन दिवस जरा अशक्तच राहिली असती तर काय बिघडलं असतं? ताप नको, दुखणं नको. नुसतं अशक्त. मांडीवर डोकं टाकण्यापुरतं. तिनं जीभ चावली आणि देवाची क्षमा मागितली. पण जी गोष्ट मनात येऊन गेली ती काही माघारी पाठवता येत नाही.

आणि झालं तसंच. बुधवारी संध्याकाळी हर्षितानं फोन करून रजा सोमवारपर्यंत वाढवली. अंगात ताकद नाही म्हणाली. सकवारबाईनं त्या रात्री पुरणाची डाळ भिजत घातली.

गुरुवारी दुपारी घसा परत दुखायला लागला. एकाच बाजूनं, कानापर्यंत. संध्याकाळी पोरीनं जेवण नको म्हटलं. सकवारबाईनं मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला लावल्या, हळद-दूध दिलं, आणि कागदातला तो गोळीचा चतकोर हातात घेऊन थोडा वेळ बसली. उगाळू की नको? उष्ण आधीच पडलेलं. सकाळी बघू, असं म्हणून तिनं तो परत गुंडाळला.

शुक्रवार उजाडला. वर्षातला सगळ्यांत मोठा खुडा. अंधुक उजेडातच दोघं बागेत होती, विश्वासरावसुद्धा गुडघ्यांना न विचारता ओळीत बसले होते. दोन टोपल्या भरल्यावर सकवारबाई घरात आली, आणि दारातच थांबली.

हर्षिता खाटेवर पुढं वाकून बसली होती. मान एका बाजूला कललेली. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती आणि ती ओढणीनं टिपत होती. तोंड बोटभरही उघडत नव्हतं. काहीतरी बोलली ते तोंडात मोठा घास असल्यासारखं आलं, शब्द कळलाच नाही. अंग भट्टीसारखं.

टोपल्या तिथंच ओट्यावर राहिल्या. फुलांवर कापड टाकायचंही कुणाला सुचलं नाही. विश्वासरावांनी रस्त्यावर जाऊन ऑटो आणली. निघताना त्यांनी ओरडून सांगितलं, दवाखान्याची पाकिटं घे, डॉक्टर विचारतील. सकवारबाईनं फळीवरचं पाकीट आणि कागदातला चतकोर उचलून मुठीत धरला. मूठ तिनं वाटभर उघडलीच नाही.

येलहंक्याच्या मोठ्या इस्पितळात रविकुमार म्हणून डॉक्टर होते. तरुण, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी लाकडी पट्टीनं पोरीचं तोंड जेमतेम उघडून पाहिलं. गाठीच्या मागं पू साठलाय, सुईनं काढावा लागेल, म्हणाले. आजच आलात ते बरं केलंत, ही सूज श्वासाच्या वाटेवर गेली असती. मग विश्वासरावांनी दिलेला दवाखान्याचा जुना कागद त्यांनी हातात घेतला.

"या मात्रे घेतल्या का?" त्यांनी कन्नडात विचारलं. "शनिवारपासून? पूर्ण?"

"पूर्ण," विश्वासराव म्हणाले. "दोन्ही वेळच्या. ही स्वतः देत होती."

डॉक्टरांनी हर्षिताकडं बघितलं. हर्षितानं आईकडं पाहिलं आणि हळूच मान हलवली, हो.

डॉक्टर कपाळाला आठी घालून कागदाकडं बघत राहिले. मग नर्सला आणि थोडं विश्वासरावांना सांगितल्यासारखं म्हणाले, की सहा दिवस पूर्ण डोस घेऊनही असं झालं असेल, तर ते औषध हिच्या आजाराला पुरत नाही असा अर्थ. मग वरचं औषध काढावं लागेल. ते जड असतं, आम्ही सहसा काढत नाही, अडीअडचणीला राखून ठेवतो. मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल, रोज रक्त तपासावं लागेल. नर्स लिहायला लागली.

सकवारबाई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. अंगावर अजून बागेतलं ओलं लुगडं, पायांना चिखल, आणि फरशीवर तिच्या पावलांचे ठसे उमटले होते. ते ठसे बघून एक आया मघाच पुटपुटून गेली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. तिची मूठ झाकलेली होती, नवऱ्यानं वर झाकण घातलं होतं, आणि पोरीनं, जिला बोलता येत नव्हतं तिनंसुद्धा, मान हलवून तिला वाचवलं होतं. गप्प राहिलं असतं तर कुणालाच कधी कळलं नसतं. आणि बोललं तर? परत कुठली पोर आजारी पडून या आईच्या दारात येईल? तापानं फणफणली तरी कोरमंगलातच पडून राहील. तेवढं एक कारण होतं तिला घरी यायला, तेही जाईल.

नर्सनं कागदावरचं लिहिणं संपवलं.

"नाही," सकवारबाई म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिलाच परत म्हणावं लागलं. "नाही घेतल्या. मी नाही दिल्या."

तिनं मूठ उघडून पाकीट टेबलावर ठेवलं. घामानं ते ओलं झालं होतं. चौदातल्या बारा गोळ्या जशाच्या तशा, आणि कागदात एक चतकोर तुकडा.

मग तिला सगळं सांगावं लागलं. सहाण, पाणी, दहा वेढे, मध, उष्ण. कन्नड तिला पाण्यासारखं येत होतं, पण वेढ्याला त्या भाषेत काय म्हणायचं ते सुचेना. तिनं टेबलावरच बोट गोल फिरवून दाखवलं. नर्सला हसू आलं, तिनं तोंड फिरवलं. विश्वासराव भिंतीकडं बघत होते. हर्षितानं डोळे मिटून घेतले होते.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी तुकडा चिमटीत धरून पाहिला.

"एका वेळी एवढा भाग जायचा? पाव?"

"हो."

"किती वेळा दिलं?"

"सात वेळा."

"आणि बुधवारपासून काहीच नाही."

"काहीच नाही."

डॉक्टरांनी नर्सच्या हातातला कागद घेतला आणि वरच्या दोन ओळी खोडल्या. सांगितलंत ते बरं केलंत, अम्मा, म्हणाले. ताप त्या पातळ औषधानं उतरला होता, आजार आत तसाच बसला होता. हे औषध हिला चालत नाही असं नाही, हिला ते मिळालंच नाही. तेच देऊ, पण शिरेतून आणि पूर्ण मापानं. दोन दिवसांनी परत गोळ्या. सगळे मिळून दहा दिवस, एकही चुकवायचा नाही. उगाळायची नाही. गिळता येत नसेल तर विचारा, याच औषधाचं पातळ मिळतं. विचारायला काय जातं?

विचारायला काय जातं, हे तिला पुढं कितीतरी दिवस ऐकू येत राहिलं.

पू काढताना हर्षिताच्या घशातून जो आवाज आला तो बाहेर बाकड्यापर्यंत आला. सकवारबाईनं पदर तोंडात कोंबला. विश्वासराव शेजारी बसले होते. आता हळू आवाजात म्हणाले, "बागेला औषध लागतं तेव्हा मी टोपणानं मोजून घालतो. पोरीला तू बोटानं मोजलंस."

तिनं पदर आणखी घट्ट चावला. आपलेच दात, आपलेच ओठ. थोड्या वेळानं त्यांनीच कँटीनमधनं कॉफी आणून तिच्या हातात दिली आणि पेला नीट धर म्हणाले. ओट्यावरची फुलं त्या दिवशी काळी पडली. सणाचा सगळा खुडा गेला. दोघांपैकी कुणीही त्याचं नाव काढलं नाही.

तिसऱ्या दिवशी हर्षिता नीट बोलायला लागली. नर्स शिरेतली सुई काढून गोळी घेऊन आली, तेव्हा सकवारबाई अदबीनं उभी राहिली आणि म्हणाली, हिला गिळता येत नाही, पातळ मिळेल का? पण तेवढ्यात हर्षितानं गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला, मान जराशी वर केली, आणि झालं.

सकवारबाई बघतच राहिली.

"येतं मला," हर्षिता खाली बघत म्हणाली. "कॉलेजपासनं येतं. कोरमंगलात कोण उगाळून देतंय, आई?"

मग मला का उगाळू दिलंस, हे सकवारबाईच्या ओठांवर आलं होतं. पहिल्या दिवशी घसा सुजलेला होता, ते ठीक. पण मंगळवारी? मंगळवारी तर भाकरी खाल्ली होतीस. तिनं विचारलं नाही. आपण कुठल्या तोंडानं विचारायचं?

कंपनीनं हर्षिताला आठवडाभर घरून काम करायला परवानगी दिली. म्हणजे सकवारबाईनं बागेत वाकून जे मनात मागितलं होतं ते तिला मिळालं, दामदुपटीनं मिळालं. पण कसं मिळालं ते आठवलं की ती पुढचं ताट बाजूला सारायची. हर्षिता पडवीत लॅपटॉप घेऊन बसायची. आई बागेतनं यायची ती दारापर्यंतच. कपाळाला हात लावायला आता धजवत नव्हती. पोरगीही मांडीवर डोकं टाकत नव्हती. दोघी एकमेकींशी जपून, पाहुण्यांसारख्या बोलत होत्या. भात वाढू का. वाढ. पाणी तापवलंय. जाते.

गोळ्या मात्र सकवारबाईनं हातात घेतल्या. कुणी दिल्या नाहीत, तिनंच घेतल्या. सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. सकाळचे आठ म्हणजे खुड्याची ऐन वेळ. ती ओळ अर्धी टाकून उठायची, हात धुवायची, पोरीला आधी दोन घास खायला लावायची आणि पाकिटातून गोळी तळहातावर दाबून काढायची. फट् असा बारीक आवाज व्हायचा. हर्षिता गिळायची. आई उभी राहून बघायची, गळ्याची हालचाल होईपर्यंत. दोनदा पोट ढळलं, तेव्हा उष्णाचा शब्द तिनं तोंडातून काढला नाही. विश्वासरावांना दवाखान्यात फोन करायला लावला. तिकडून सांगितलं, असं होतं, पाणी आणि ताक भरपूर द्या, रक्त पडलं नाहीतर वाढलं तर कळवा, गोळ्या चालू ठेवा. तिनं चालू ठेवल्या.

पण पाकिटातली प्रत्येक गोळी म्हणजे अर्धा दिवस होता. सोळा होत्या त्या दहा झाल्या, दहाच्या सहा. तिला दुसरं पंचांग लागतच नव्हतं. शेवटची गोळी सोमवारी सकाळची, आणि सोमवारीच पोरगी जाणार. आपल्याच हातानं एकेक गोळी काढून आपण पोरीला घराबाहेर काढतोय, असं तिला वाटायचं. रविवारी संध्याकाळी गोळी मुठीत घेऊन ती पडवीत आली, पण मूठ तिनं लगेच उघडली नाही. हर्षितानं ते पाहिलं असावं. तिनं गोळी घेतली आणि आईचा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला.

सोमवारी शेवटची गोळी झाली. रिकामं पाकीट सकवारबाईनं चुलीत टाकलं. शनिवारपासनं आणून ठेवलेल्या डब्यांची पिशवी भरली, लोणचं, चटणीपूड, शेंगदाण्याचे लाडू. विश्वासराव बाजारात गेले होते. बसच्या थांब्यापर्यंत ती पोरीबरोबर चालत निघाली. लेआऊटच्या भिंतीकडेनं रस्ता जात होता. पाऊस नव्हता, नुसतं ढगाळ. बॅग हर्षिताच्या पाठीवर, पिशवी आईच्या हातात. थांब्यावर कुणीच नव्हतं.

डॉक्टरांना तिनं उष्णाचं सांगितलं होतं. अर्धंच सांगितलं होतं. दहा दिवस ते दुसरं अर्धं तिच्या छातीवर बसून होतं, आणि आता पाच-दहा मिनिटांत बस येणार होती.

"हर्षी," ती म्हणाली. रस्त्याकडं बघत म्हणाली. "त्या बुधवारी मात्रा बंद केली ती उष्णाची म्हणून. तेही होतं. पण तू गुरुवारी जाणार होतीस. मला वाटलं, अजून दोन दिवस जरा अशक्तच राहावीस. असं वाटलं गं मला. आईला असं वाटतं का कधी? तुला काही झालं असतं तर..."

तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

समोरून एक टँकर गेला, चिखलाचं पाणी दोघींच्या पायांवर उडालं. कुणी पाय मागं घेतला नाही.

"डॉक्टरीणबाई सात दिवस म्हणाल्या ते मी ऐकलं होतं, आई," ती म्हणाली. "मला कन्नड येतं. फळीवरचं पाकीट मला दिसत होतं, त्यात किती उरल्यात तेही दिसत होतं. मंगळवारी मी सहज गिळली असती."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस का, की राहतेस का म्हणून?" हर्षिताचा आवाज चिरकला. "कधीच विचारत नाहीस. मी जाते म्हणते, तू डबे भरतेस. आजारी पडले तरच माझ्यापाशी बसतेस. मला पण जायचं नव्हतं."

लांब वळणावर बस दिसली. सकवारबाईला पोरीच्या कपाळाला हात लावायचा होता, तो तिनं लावला. कपाळ थंड होतं. अगदी थंड, निरोगी माणसाचं असतं तसं.

"राहतेस का?" तिनं विचारलं.

हर्षिता रडता रडता हसली. "आज नाही, आई. आज कामावर जायला पाहिजे. शनिवारी येते."

बस येऊन उभी राहिली. कंडक्टरनं कन्नडात घाई केली. सकवारबाईनं पिशवी पोरीच्या हातात दिली, आणि पोर वर चढून आत दिसेनाशी होईपर्यंत थांब्यावर उभी राहिली. ताप नसलेल्या पोरीची वाट बघायची असते ती कशी बघायची, हे तिला अजून ठाऊक नव्हतं. सोमवार होता. शनिवारला पाच दिवस होते.